जागेनुसार

नव्या मॅनेजरला तक्ता हवाय,
शुक्रवारी, दुपारच्या आत.
वीस वर्षांत कुठल्या जागेसाठी कोण कोण निवडलं,
किती टिकले, किती वाया गेले,
टक्केवारीसकट.
"आपण नेमके चुकतो कुठे, मिसेस पेल्झार?"
त्याचे बूट अजून करकरीत आहेत,
फेब्रुवारीतल्या रस्त्यावरच्या मिठाची
पांढरी किनार त्यांना लागायची आहे.

तळघरातून खोकी वर आणली.
सगळी कार्डं माझ्याच टाइपरायटरवरची,
एक अक्षर जरा वर उडालेलं.

क्वार्टरबॅक. सहा निवडले.
चौघे पहिल्या फेरीतले; चौघांच्याही वेळी
विमानतळावर बँड, महापौर, फुकट टोप्या.
नव्याचे नऊ दिवस,
आमच्याकडे नऊ रविवार.
ब्रेडन ऑलस्ट्रॉम चेंडू असा देखणा फेकायचा
की तो कोणाच्या हातात पडतोय
हे बघायचं राहूनच जायचं.
सहापैकी शून्य.
शून्य टाइप करायला वेळ लागत नाही.

पुढची फळी, टॅकल आणि गार्ड:
एकोणीसपैकी चौदा.
इथे आम्ही हुशार, कारण त्यांना बघायला
वॉल्ट ग्रुशेत्स्की जायचा.
पोरगा किती पळतो, किती वजन उचलतो
याच्याशी त्याला घेणंदेणं नसे.
तो त्यांच्या घरी जेवायला बसायचा,
आणि जेवण झाल्यावर
पोरगा आईच्या आधी उठून ताटं उचलतो का,
एवढंच बघायचा.
"ताट उचललं. घ्या."
असं एक कार्ड आहे, खाली रश्श्याचा डाग.
तक्त्यात याला रकाना नाही.
वॉल्ट गेल्यावर पाच निवडले, टिकला एक.
ते पाच या एकोणिसांत धरायचे की वेगळे
हे विचारायला हवं.

कॉर्नरबॅक, अकरापैकी तीन.
सगळे घड्याळ लावून घेतलेले,
सेकंदाच्या शंभराव्या हिश्श्यावर भांडून.
वेगात आले, वेगात गेले.

किकर आम्ही कधी निवडलाच नाही.
ओस्वाल्डो किन्तेरो एका मंगळवारी
बुटांची पिशवी घेऊन आपणहून आला.
दारावरच्याने पिझ्झा घेऊन आलाय समजून आत सोडला,
आणि तो बारा वर्षं आम्हाला सामने जिंकून देत राहिला.
निवड शून्य. यश किती?
भागाकारात खाली शून्य आलं
की कॉम्प्युटर लाल होतो.

आता लाइनबॅकर.
टायरिक ओग्ल्सबी, तिसरी फेरी, मिसिसिपीहून.
पहिल्याच दिवशी माझ्या टेबलाशी थांबून
खिडकीकडे बोट दाखवत म्हणाला,
"बाई, हे थांबतं कधी?"
म्हटलं, "एप्रिलमध्ये."
तो हसला. त्याला वाटलं मी थट्टा करतेय.
दोन सामने. मग गुडघा.
मग दुसरा गुडघा.
कार्डावर लाल पेन्सिलीने "वाया".
अक्षर माझं नाही, पण कार्ड मीच फायलीत लावलं होतं.

मॅनेजरची टीप वर चिकटवलेली:
टिकला म्हणजे किमान चार हंगाम.

पहाटे सहाला सरोवरावरून वारा सुटलेला,
आणि पार्किंगमध्ये पिवळा दिवा फिरतोय.
बर्फ ढकलणारा ट्रक. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत,
एक पट्टा, वळण, दुसरा पट्टा,
मागे काही न सोडता.
माझ्या जागेशी आला की तो पातं उचलतो,
खाली उतरतो आणि फावड्याने काढतो,
गुडघे न वाकवता, कमरेतून.
दोनदा हॉर्न.
मी कॉफीचा कप उंच धरते.
असे सोळा हिवाळे.

शुक्रवारी तक्ता दिला.
त्याने बोट फिरवत फिरवत खाली आणलं
आणि थांबला.
"लाइनबॅकर चौदापैकी सात?
माझ्या हिशेबाने सहा होतात.
सातवा कोण?"

मी कोट घालत होते.
म्हटलं, "आज गाडी कुठे लावलीत तुम्ही?"