दीड हात

जमीन मोजणाऱ्याला जमिनीचं बरंवाईट विचारू नये.
मी साखळी ओढली, कोन घेतले, हद्दीचे दगड पुरले.
तांबूनच्या चुनखडी डोंगरांखाली चाळीस वर्षं
माझ्या वहीत जमिनीला लांबी होती, रुंदी होती,
आणि ओल्या दिवसांत जळवा.

निवृत्तीनंतर यॅप स्यू फाँगने बोलावलं
जुना नकाशा वाचून दाखवायला.
प्लॉट स्वस्त होता. का,
ते त्याच्या तोंडावर लिहिलेलं:
पुढे रुंद, मागे निमुळता, केरसुपलीसारखा,
आणि नैऋत्येला कुणी घास तोडल्यासारखा.

मास्टर लाम आले. लाल चौकटीत पितळी तबकडी,
वर्तुळाच्या पोटात वर्तुळं,
मधोमध थरथरणारी सुई.
माझ्याकडेही तशीच सुई होती.
दोघींनी उत्तर एकाच बाजूला दाखवलं;
पुढचं बोलणं तेवढं वेगळं.

"सुपलीतून आलेलं तसंच बाहेर सांडतं," ते म्हणाले.
"घर चौरस बांधा, प्लॉटच्या नादी लागू नका.
मागच्या टोकात चूल नको, पलंग नको,
तिथे बांबू लावा आणि विसरून जा."
मग कडेकडेने चालत गेले
आणि तुटक्या जागी थांबले, जसा दंतवैद्य थांबतो.
"नैऋत्य म्हणजे आई.
हा कोपरा नसलेल्या घरात बाई टिकत नाही.
टिकली तर हसत नाही."

स्यू फाँग हसली.
"माझी आई गेलीच आहे, मास्टर. मार्चमध्ये.
आता कोपरा आणखी काय नेणार?"
तिचा नवरा बुटावरचा चिखल बघत राहिला.

मास्टरांनी तबकडी मिटली नाही.
"दोन्ही कडा पुढे वाढवा, मनातल्या मनात.
जिथे भेटतील, तिथे काहीतरी उभं करा.
दिवा, दगड, काहीही.
आकार पुरा होईल. बघणाऱ्याला नाही दिसणार,
वाऱ्याला कळेल."

कडा भेटत होत्या कुंपणापलीकडे,
चान युएत मुईच्या पपनसांच्या बागेत.

मी गप्प होतो.
तो घास कुणी तोडला, मला ठाऊक होतं.
एकोणऐंशी साल. मी सरळ रेघ आणत होतो
जशी सरकारने शिकवली तशी,
आणि रेघेच्या वाटेत युएत मुई उभी,
सातव्या महिन्याची, हातात कोयता,
पाठीशी तिच्याच कमरेएवढं पपनसाचं रोप.
"रेघ वळव."
रेघ वळत नसते, मी म्हणालो.
वळवली.
नकाशात कारण लिहायला रकाना नव्हता.

आता ती कुंपणापाशी आली, कोयत्याऐवजी काठी.
मला तिने ओळखलं की नाही, कोण जाणे.
स्यू फाँगने विचारलं, चाचरत,
तुमच्या जमिनीत एक दिवा लावू का, आमच्या घरासाठी.
म्हातारी म्हणाली, "दिवा कशाला? वटवाघळं येतील, फळ कुरतडतील.
तिथे झाड आहे की.
इतकी वर्षं उभं आहे,
मला काय माहीत तुमचा कोपरा धरून उभं आहे ते."

मास्टरांनी झाडाला लाल दोरा बांधला,
एक पपनस मागून घेतलं,
आणि आपली फी थोडी कमी केली.

संध्याकाळी सगळे गेल्यावर मी परत आलो.
सवय. टेप काढला, दोन्ही कडा वाढवल्या,
मनातल्या मनात नाही, दोरीने.
बुंधा नेमक्या जागी नव्हता.
दीड हात पूर्वेला.

पलीकडून स्यू फाँगचा आवाज येत होता,
खोल्या किती, खिडक्या कुठे,
आणि मध्येच, कशावर कोण जाणे,
हसण्याचा.

चुकीसाठी माझ्या वहीत रकाना आहे.
पेन्सिल तिथपर्यंत नेली.
मग वही मिटून
युएत मुईने दिलेलं पपनस सोलत बसलो.
जाड साल, आत पांढरा कापूस,
त्याच्याही आत फोडी,
एकही सारख्या मापाची नाही.