भेट कलम

केसपेपरवर नाव नाही अजून,
नुसतं ‘बेबी ऑफ लक्षिता गावस’,
केरी, सत्तरी. वजन चार किलो दोनशे.
बारसं दोनदा ठरलं, दोनदा मोडलं;
दर खेपेला बाय निळी पडली
आणि रवळूच्या जीपने आम्ही बांबोळी गाठली.

श्वास घेताना शिट्टी वाजायची तिची.
शेजारीण विचारायची, पाखरू पाळलंय काय रे?
सातेरीला कौल लावला, उजवी पाकळी पडली.
शिट्टी वाजतच राहिली.

डॉक्टर कुलासोबाईंनी औषधाच्या खोक्यावर चित्र काढलं.
ही श्वासाची नळी.
हिच्या कड्या घोड्याच्या नालेसारख्या हव्या, मागून उघड्या.
हिच्या पुऱ्या गोल. बांगड्या.
आतली वाट दोन मिलिमीटर.
शिवाय डाव्या फुप्फुसाची रक्तवाहिनी
निघाली उजवीकडून,
आणि नळीला मागून वळसा घालून गेली.
दोन्ही एकाच वेळी सोडवायचं.
माझ्या हाताखालचं हे तिसरं मूल, म्हणाल्या.
पहिल्या दोघांचं काय झालं
ते मी विचारलं नाही.

विचारलं, रुंद कशी करणार? जोड कशाचा?
जोड नाही. नळी मधोमध तिरकी कापायची,
एक तुकडा पुढून चिरायचा, एक मागून,
आणि एकावर एक सरकवून शिवायचे.
लांबी घटते, रुंदी दुणावते.
मी हसलो म्हणे तेव्हा.
लक्षिता अजून रागावते त्यावरून.
पण एकवीस वर्षं मानकुराद बांधतोय मी,
ओल्या सालीला ओली साल भिडवून,
मधे वारा शिरता नये अशी.
म्हटलं, बाई, ही तर भेट कलम.
त्या थांबल्या. तुमची किती जगतात?
शंभरात सत्तर, मी म्हणालो,
आणि मग सही करायला
हात उठेना.

साडेसात तास.
हृदयाचं काम एक यंत्र करत होतं म्हणे,
फुप्फुसाचंही तेच.
खिडकीबाहेर उतारावर काजी पिकल्या होत्या,
बोंडांचा वास वॉर्डापर्यंत यायचा,
आणि मला त्याची लाज वाटत होती, का कोण जाणे.

बाहेर आली ती मान वाकवून,
हनुवटी छातीशी दोन टाक्यांनी धरलेली,
जोडावर ताण नको म्हणून.
नळीमुळे रडणं मुकं.
तोंड रडायचं, आवाज नाही.
मी बोट पुढे केलं तर सिस्टरने मनगट धरलं.
गिऱ्हाइकांना मीच सांगतो ना,
बांधल्यावर चाचपून बघायचं नाही,
जगलं तर पालवी स्वतः सांगेल.

आता घरी आहे. गळ्याखाली जांभळी रेघ.
दूध पिते, घाईघाईने, पाझरतं थोडं.
बारशाचं अजून कुणी बोलत नाही.
चार महिने त्या शिट्टीवर झोपायची सवय झाली होती;
रात्री दोनला, तीनला,
काही ऐकू येत नाही म्हणून
आम्ही दोघं उठून बसतो.
लक्षिता आरसा धरते तिच्या नाकाशी.
मी दिवा जवळ नेतो.