कापूस

बाटलीत तीस गोळ्या. चालताना वाजतात.
म्हणून वर कापूस कोंबतो, घट्ट,
आणि बाटली आमसुलांच्या बरणीमागे,
जिथे आयेचा हात पोचत नाही.

ओरोसचा सरकारी दवाखाना मालवणपासून तासाभरावर.
पण केसपेपरच्या खिडकीत आमच्या वाडीची सून बसते.
तिला माझं नाव माहीत, बापाचं माहीत,
आमच्या घराचा नारळ कुठल्या देवळात फुटतो तेही.
म्हणून कोल्हापूर. पहाटेची एसटी,
गगनबावड्याला दोन वळणांवर उलटी,
एका रात्रीची कमाई तिकिटात.

तिथे फॉर्म. व्यवसाय?
मी लिहितो : खलाशी.
अगदीच खोटं नाही.
ट्रॉलर धक्क्याला लागला की
बर्फाच्या कारखान्यामागे
खलाशी माझ्याकडेच येतात.
अंगाला डिझेल, हाताला दोरांचे घट्टे,
कुणी आंध्रचा, कुणी नेपाळचा.
एक जण नुसता घरच्या भाताबद्दल बोलत बसला
आणि पैसे ठेवून गेला.

पत्नीचं नाव?
भिंतीवरच्या चित्रात नवरा, बायको, मूल.
शिरोडकर मॅडमचं पेन थांबलं.
माझ्याकडे बघितलं, चौकटीत रेघ मारली,
आडवी, न दाबता.
त्या रेघेसाठी मी दर महिन्याला घाट चढतो.

बाबीने घाट चढला नाही.
आषाढभर ताप. होड्या किनाऱ्यावर झापांखाली,
खलाशी आपापल्या गावी, भाड्याला दमडी नाही.
ओरोसला गेला एकदाच.
शिपायाने खणखणीत विचारलं,
"कसली तपासणी करूची आसा तुका?"
अख्खी रांग वळली.
बाबी म्हणाला, "काय नाय. दात."
आणि दात काढून घरी आला.
हसून नव्हे. खरोखर काढून.
चांगला, न किडलेला दात,
कागदाच्या पुडीत.

नारळी पौर्णिमेला सगळा गाव नारळ घेऊन
समुद्राकडे निघालेला.
आम्ही चौघे उलट्या दिशेने,
खांद्यावर तो.
वजन नव्हतंच.

परवा धक्क्यावर नवा पोरगा दिसला.
एकोणीसचा असेल, केसांना तेल, पायात नवी चप्पल.
विचारलं, एसटी लागते काय रे तुला?
तो हसला, कित्याक?
खिशातली आवळा सुपारी त्याच्या हातावर ठेवली.
म्हटलं, सोमवारी साडेपाचला स्टँडवर ये.
घरी सांग,
दात दुखतोय.