मोकळी जागा

रात्रीचे पावणेदोन. परळ. तळघरातली आमची खोली,
जिथे एसी यंत्रांसाठी असतो
आणि माणसांनी आपापली शाल आणायची असते.
विल्सन सांगतो, "मॅडम, बायपासवाली आलीय.
दुखतंय फार. पण पोट मऊ आहे म्हणतात."

हेमांगी तांडेल, वय एकेचाळीस.
दोन वर्षांपूर्वी एकशे अठरा किलो, आज चौसष्ट.
कण्हता कण्हता ती विल्सनला म्हणाली म्हणे,
"मागे या भोकातून जाताना वाटायचं, अडकते आता.
आता बघ, दोघी मावू."

मी माउसचं चाक फिरवते.
यकृत, प्लीहा, मग ते नवं जठर,
अंड्याएवढं, टाचण्या लावून शिवलेलं.
बाजूला जुनं, मिटून पडलेलं.
जेवण आता दुसऱ्या वाटेने जातं
हे त्याला कुणी कळवलेलं नाही.

दस्तूरने एकदा इराण्याच्या बिलामागे
मला हा नकाशा काढून दिला होता:
ही वाट अन्नाची, ही पित्ताची,
इथे भेट. आणि इथे, हे बघ, मागे एक फट राहते.
बिल अजून ड्रॉवरमध्ये आहे. त्यावर चहाचा डाग, नेमका फटीवर.

लोकांना चरबी नको असते. मला हवी असते.
पडद्यावर ती काळी दिसते,
आतड्यांमध्ये शिरून बसते, त्यांच्या कडा दाखवते.
हेमांगीची गेली. आता सगळं राखाडी, एकमेकांना खेटून,
आणि ती जिथे बसायची
तिथे मोकळी जागा.
या शहरात मोकळी जागा
कोण मोकळी राहू देतं?

वर जाते. खाली येते. पुन्हा वर.
आतडं फुगलेलं नाही. पाणी नाही. रक्ताचे आकडे साफ.
फक्त डावीकडचा जोड उजवीकडे आलाय
आणि त्याच्यामागे शिरा वळतायत,
मोरीच्या जाळीपाशी पाणी वळतं तशा.
पाऊण वेढा. की माझे डोळे?

शेजारच्या पडद्यावर मार्चचा स्कॅन उघडते.
तेव्हाही दुखत होतं. तेव्हाही पोट मऊ.
"विशेष काही नाही." सही माझी.
एकशे सहासष्टपासून एकशे चौऱ्याहत्तरपर्यंत
नऊ चित्रं. अर्धा वेढा.
होता.
त्या दिवशी मी गळती शोधली, पित्ताचे खडे शोधले,
एक बारीकसा मुतखडाही सापडला होता
आणि मी खूश झाले होते.

"किती वळलंय?" दस्तूर झोपेतून विचारतो.
"पाऊण."
"नक्की?"
"नाही."
तो थांबतो. मीही.
"आत जाऊन बघ," मी म्हणते,
आणि पलीकडे दिव्याच्या बटणाचा आवाज येतो.

बाहेर बाकावर तिचा नवरा, वरळी कोळीवाड्याचा,
मांडीवर तिच्या चपला घेऊन.
एवढं सगळं नॉर्मल तर पोट कापायचं कशाला, त्याचा सवाल.
मी हाताने वळण दाखवते. तो बघत राहतो.
"पंख्यात दोर गेला का इंजिन लगेच बंद नाय पडत," तो म्हणतो,
"पयला नुसता आवाज बदलतो."
आणि सही करतो, चपला न ठेवता.

चार वाजून दहा मिनिटं. फोनवर दोन शब्द:
आतडं गुलाबी.
विल्सन चहा आणतो, माझ्यासाठी जास्त साखर घालून.
त्याला मार्चचं माहीत नाही.

मी मार्चचा अहवाल पुन्हा उघडते.
यंत्रणा जुनी ओळ पुसू देत नाही,
फक्त तिच्याखाली लिहू देते,
आजची तारीख घालून.
कर्सर लुकलुकतोय.
मी खाली लिहायला घेते.