दीड वाजता

कासारवडवलीच्या गोडाउनातला सेट.
पत्र्यावर कावळे चालले की
साउंडवाला हात वर करायचा,
मी अर्धवट रडणं तोंडात धरून थांबायचे.

दीडची मालिका. चार वर्षं
तीच हिरवी साडी, पाठीमागून पिनांनी आवळलेला ब्लाउज.
भाजीवाली कोथिंबिरीचे पैसे घ्यायची नाही.
"सासूला उलट बोल की गं एकदा!"

आता साडेआठ.
घोडबंदरच्या होर्डिंगवर माझी हनुवटी
मेट्रोच्या खांबाआड गेलीय.
साडी दर भागाला नवी.
उलट बोलते. फारच बोलते.

कळव्याच्या इस्पितळात आईची रात्रपाळी.
ती मला दुसऱ्या दिवशी बघते,
पुनःप्रक्षेपणात,
लसूण सोलत, डुलकी लागेपर्यंत.

म्हणते, बरं झालं बाई,
तुझी वेळ काही बदलली नाही.