समासातली नावं

उद्या प्रभुभोजन.
शनिवारी रात्री जेवणं आटपली की
ओट्याशेजारच्या टेबलावर मी शास्त्र उघडतो.
तेलकट मेणकापड, चष्मा,
आणि बोटभर उरलेली पेन्सिल.

पेन्सिलीची खोड जुनी.
लोभाबद्दलच्या ओळीशेजारी थोरल्या भावाचं नाव,
जिभेच्या ठिणगीपाशी सुशीलावहिनीचं,
पुढच्या रांगेत बसायची हौस असणाऱ्यांपाशी
मंडळीच्या खजिनदाराचं, खाली दोन रेघा.
एके ठिकाणी नुसतंच ‘शेजारी’.
करुणा एकदा डोकावून म्हणाली,
हजेरीपट बरा भरलाय की,
तुमचा नंबर कितवा ह्यात?
मी हसलो. पान उलटलं.

नोकरीच तसली. उद्यमनगरात सव्वीस वर्षं
दुसऱ्यांनी केलेला जॉब मोजला.
सुट्टी सोमवारची,
रविवारी उपासनेपुरता दोन तास उशीर चालायचा.
व्हर्नियर लावायचा, डोळा बारीक करायचा,
पास, नाहीतर लाल खडू.

आज वाचनात तो राजा आला
ज्याला संदेष्टा गोष्ट सांगतो:
श्रीमंताचे कळप, गरिबाची एकुलती कोकरी,
त्याच्याच ताटात खाणारी, मांडीवर निजणारी.
राजा तापतो. कोण तो, म्हणतो.
आणि मग ते वळलेलं बोट.
शंभरदा वाचलं असेल मी हे,
दर वेळी संदेष्ट्याच्या बाजूला उभा राहून.

तेवढ्यात लाइट गेली.
टेंबलाईच्या टेकडीकडं कुत्री भुंकायला लागली.
पान दिसेना.
बोट तेवढं दिसत राहिलं.

सर्जेराव पोवार.
हे नाव समासात कुठंच नव्हतं.
गणपतीच्या आधीचा आठवडा, सकाळी
माझ्या हातून व्हर्नियर फरशीवर पडला.
जबडा किंचित वाकला, शून्यावर शून्य येईना.
मला ठाऊक होतं.
सांगितलं असतं तर लेखी द्यावं लागलं असतं.
संध्याकाळी त्याच व्हर्नियरनं
सर्जेरावचे चाळीस शाफ्ट मोजले,
चाळीसांवर लाल रेघ ओढली.
पोरगं म्हणालं, साहेब, परत एकदा बघा की,
माप बरोबर हाय माझं.
मी म्हणालो, माप खोटं बोलत न्हाई गड्या.
त्याचा पगार कापला. पुढं तो आलाच नाही.
आणि त्या रविवारी मी भाकर घेतली, प्याला घेतला,
‘आमेन’ माझंच सगळ्यांत मोठं.

लाइट आली. नातवाच्या दप्तरातून खोडरबर काढला.
भावाचं नाव गेलं. वहिनीचं गेलं.
खजिनदाराचं जाईना, इतकं दाबून लिहिलेलं.
कागद फाटायला आला तेव्हा थांबलो.
ओळींवर काळी पूड पडली होती,
झटकली, तर बोटांना लागली.

सकाळी घंटा व्हायच्या आत स्कूटर काढली.
करुणाला म्हटलं, तू हो पुढं.
तिनं पाहिलं, विचारलं नाही.
कणेरीवाडीत चारदा विचारून घर सापडलं:
दारात म्हैस, पोत्यावर वाळत घातलेल्या मिरच्या.
त्याची आई बाहेर आली.
पोरगा पैल्या पाळीला गेलाय, म्हणाली,
बसा, पाणी तरी प्या.
तांब्या दोन्ही हातांनी घेतला.
तिकडं आता भाकर मोडत असतील.
पाणी गार होतं. घशाखाली उतरेना.

काय निरोप देऊ, म्हणाली,
नाव काय सांगू?

अमोस सातपुते, म्हणालो.
चाळीस शाफ्टवाला.
तिला काही उमगलं नाही.
विसरू नये म्हणून तिनं नाव एकदा म्हणून बघितलं,
चुकीचं म्हटलं.
मी पुन्हा सांगितलं.