कापलेलं गाणं

रेकॉर्डिंग रविवारी व्हायचं, लायनेल सांगतो,
आठवड्याचे आठ प्रयोग गळ्यात घेऊन
नटी माइकसमोर उभी राहायची.
ऐक, तिसऱ्या ओळीआधी तो श्वास.
आता असले श्वास पुसून टाकतात.

ओडेसा ऐकते, मानही डोलावते.
नांदी मात्र तिने एका बोटाने पुढे ढकललेली असते.

शिकागोतल्या या दुकानात हीटर खरखरतो.
"हल्ली लोक पाठ असलेली गाणी ऐकायला तिकीट काढतात."
"तुम्ही नव्हता येत पाठ करून?"
तो काउंटर पुसत राहतो.

मग फेरीबोटीवरच्या बाईचं गाणं निघतं.
बॉस्टनला तीन रात्री झालं, आणि कापलं.
कुठल्याच तबकडीवर नाही.
एकेचाळीस वर्षं तो ते एकटाच गुणगुणतो, दाढी करताना,
जपून,
सांडेल म्हणून.

ती काही न बोलता फोन पुढे करते.
कुणी पोरगा, मागे न आवरलेला पलंग,
आणि तेच गाणं.
याला कुठून मिळालं?

लायनेल दोन्ही कडवी संपू देतो.
फडकं हातातच.
"'कंदील' नाही," तो म्हणतो,
"तिथे 'दिवा' होता.
कळव त्याला."